शेऱ्याच्या रकान्यातला गोलकीपर

गोल मारतात आणि गोल खातात, अशी आपली भाषा. मारणारा कुणीही असू शकतो, खाणारा मात्र एकच. मधल्या फळीनं चेंडू घालवलेला असतो, बॅक कमरेवर हात ठेवून बघत उभा असतो, आणि चेंडू जाळ्यात गेला की सगळं स्टेडियम बोंबलतं, "गोलीनं खाल्ला!" दहाजणांची चूक एकट्याच्या पोटात. मी चाळीस वर्षं कोल्हापुरात फुटबॉल बघतोय. त्यातली बावीस वर्षं चिंचपार तालमीच्या संघाचा सेक्रेटरी होतो. या एका क्रियापदावरून माझं डोकं आजही फिरतं.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडावा तर आणखी संताप. गोल करणाऱ्याचं नाव ठळक, त्याला पास देणाऱ्याचं नाव, पिवळं कार्ड मिळालेल्याचंसुद्धा नाव. आणि ज्यानं तीन खात्रीचे गोल वाचवले त्याच्याविषयी काय? 'गोलरक्षकाने चेंडू अडवला.' कुठला गोलरक्षक? त्याच्या आईबापानं त्याचं नाव ठेवलं नव्हतं काय?

ठेवलं होतं. प्रसेनजीत बाबासो कुरणे. राहणार कसबा बावडा. माझ्या बघण्यात त्याच्याइतका चांगला गोलकीपर कोल्हापुरात झाला नाही. कुणाला हे पटत नसेल तर त्यानं माझ्या घरी यावं, वाद घालू.

बावड्यात तेव्हा नव्या घरांची बांधकामं जोरात होती. प्रसेनची आई सरुबाई गवंड्यांच्या हाताखाली कामाला जायची. खालून वर विटा द्यायच्या असल्या की बायकांची रांग लागते. एकीनं फेकायची, दुसरीनं झेलायची, एकावेळी दोन-दोन विटा. सुट्टीच्या दिवशी प्रसेन आईच्या जागी उभा राहायचा. सरुबाईनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हात ताठ ठेवू नगंस. वीट आली की हात जरा मागं घे. न्हाईतर बोटं फुटत्यात." पुढं बंगळुरूला परदेशी प्रशिक्षकानं हीच गोष्ट पंधरा दिवस शिकवली. बाकीची पोरं धडपडत होती. हा पहिल्या दिवसापासून चेंडू असा घ्यायचा की आवाजसुद्धा यायचा नाही.

सतराव्या वर्षी तो आमच्या संघात आला. पेठेतला संघ, पेठेतली पोरं. बाहेरून येणाऱ्या खेळाडूला आमच्याकडं पावणा म्हणतात. दोन-तीन हंगाम खेळला की पावण्याचा आपला होतो. प्रसेन पहिल्या वर्षी पावणा होता आणि दहाव्या वर्षीही पावणाच होता. चहा एकत्र, गुलाल एकत्र, मिरवणुकीत खांद्यावरसुद्धा घेतला त्याला. पण कर्णधार निवडायची वेळ आली की पेठेतलाच पाहिजे, असा नियम अचानक सगळ्यांना आठवायचा. फुलेवाडीहून आलेल्या स्ट्रायकरच्या वेळी तो कुणालाच आठवला नव्हता. मी सेक्रेटरी होतो. मलाही आठवला नाही.

नोकरीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "तुला काय काळजी रं? राखीव जागा हाय की."

प्रसेन हातमोजे चढवता चढवता म्हणायचा, "मग तू हुबारा की गोलात. ती जागा मोकळीच असती, कुणी फिरकत न्हाय तिकडं."

सगळे हसायचे, मीही हसायचो. तो मात्र मैदानावर जाऊन गोलरेषेच्या मध्यापासून टाचेनं एक सरळ रेघ ओढायचा. पुढं आला तरी मागं न बघता त्याला कळावं आपण कुठं आहोत, म्हणून. पेनल्टीला तो चेंडूकडं बघायचाच नाही. मारणाऱ्याचा जो पाय जमिनीवर टेकतो त्याचा चवडा कुठं वळलाय एवढंच बघायचा.

दोन हजार दहा साली राज्याच्या संघात त्याची निवड झाली. राष्ट्रीय स्पर्धा जबलपूरला होती. संघाचा व्यवस्थापक म्हणून मी गेलतो. वीस खेळाडू, त्यात दोन गोलकीपर, एक प्रसेन आणि दुसरा पेठ वडगावचा विश्वजित. पाचही सामने प्रसेन खेळला, एक मिनिटसुद्धा बाहेर बसला नाही. उपांत्य सामना हरलो. तिसऱ्या क्रमांकाचा सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. त्यानं दोन अडवल्या. आम्ही कांस्यपदक घेऊन आलो. पेपरात छापून आलं, 'गोलरक्षकाच्या चपळाईने महाराष्ट्राला कांस्य.' पुन्हा तेच. बिननावाचा गोलरक्षक.

या पदकावर त्याला बंगळुरूच्या एका क्लबानं बोलावलं. रीतसर करार, महिन्याला पगार, राहायला खोली. दोन वर्षांनी गोव्याच्या क्लबानं घेतलं. सहा वर्षं या माणसानं निव्वळ चेंडू अडवून घर चालवलं. आमच्या पेठेत फुटबॉलवर जीव टाकणारे हजार सापडतील, फुटबॉलवर पोट भरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत. त्यातला हा एक. डाव्या हाताची अनामिका तीनदा मोडली, ती आता सरळ होत नाही. मग एका सामन्यात समोरच्याचा गुडघा खांद्यावर बसला. चार महिने हात गळ्यात. क्लबानं नवा करार केला नाही, आणि नाही म्हणून सांगायला फोनसुद्धा केला नाही. गोलकीपरला काढताना कुणाला लाज वाटत नाही, कारण दुसरा बाकावर तयारच असतो.

तो परत आला. आमच्यासाठी आणखी आठ हंगाम खेळला. त्याच वर्षांत सकाळच्या वेळी एका टर्फवर पोरांना गोलकीपिंग शिकवू लागला. कायमचं काहीच नव्हतं. लग्न झालेलं, बायको निशा एका दवाखान्यात कामाला. आणि मागच्या वर्षी सरकारी क्रीडा मार्गदर्शकाची जाहिरात आली. खेळाडूंच्या कोट्यातली जागा, खुल्या प्रवर्गातली. राष्ट्रीय पदक पाहिजे, ते होतं. शिकवण्याचा अनुभव पाहिजे, तो होता. रुजू व्हायच्या वयाच्या अटीला वर्षच उरलं होतं. म्हणजे हीच संधी, पुढची नाही. तो परीक्षा पास झाला. निवड यादीत नाव आलं. राहिली फक्त प्रमाणपत्राची पडताळणी.

पडताळणीचं पत्र घेऊन तो माझ्याकडं आला. 'सदर खेळाडू संघात राखीव असल्याने प्रत्यक्ष सहभाग सिद्ध होत नाही. सबब प्रमाणपत्र ग्राह्य धरता येत नाही.'

मी पत्र वाचलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. राखीव? पाचही सामने पूर्ण वेळ उभा राहिलेला माणूस बाकावर होता म्हणे! खुर्चीवर बसून कागद चाळणाऱ्या लोकांनी आयुष्यात कधी मैदानाची धूळ खाल्ली आहे काय? ज्या कुणा दीडशहाण्यानं ही नोंद केली त्याला माझ्यासमोर उभा करा, त्याचे कान उपटतो, असं मी भर चौकात ओरडलो. मीच त्याला सांगितलं, माहितीच्या अधिकारात मूळ कागद मागव. अर्जसुद्धा मीच लिहून दिला. माझं अक्षर चांगलं आहे. तीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली, पेठेतले सगळे अर्ज-विनंत्या माझ्याच हातच्या.

महिन्याभरानं तो पुन्हा आला. बसला नाही. खिशातून एक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली.

"आण्णा, अक्षर कुणाचं हाय?"

पदकविजेत्या संघाची यादी. जबलपूरहून आल्यावर क्रीडा खात्याला पाठवलेली. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, जागा, शेरा. वीस नावं, वळणदार. पहिल्या नावापुढं शेऱ्यात 'कर्णधार'. सातव्या नावापुढं, प्रसेनजीत बाबासो कुरणे, गोलरक्षक, शेरा 'राखीव'. विश्वजितचा शेरा कोरा, बाकी सगळ्यांचाही कोरा.

अक्षर माझं होतं.

"मी बाकावर कवा बसलो?" त्यानं विचारलं.

मला क्षणभर कळेना. आणि मग आठवलं. आठवलं तेव्हा हे आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"ते तसलं राखीव न्हवं रं," मी म्हणालो.

"तसलं म्हंजे?"

"बाकावरचं न्हवं."

"मग कसलं?"

मी यादी उलटी करून ठेवली. तो उभाच होता. त्याला कळलं होतं, पण ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. शेवटी मी म्हणालो, "मागासवर्गीय. त्या अर्थानं लिवलं हुतं. म्हटलं, पुढं कुठं सवलत मिळाली तर कागदावर असलेलं बरं."

"कुणी मागितलं हुतं?"

"न्हाय."

"बाकी एकोणीस जणांची जात लिवलीसा?"

"त्यांची मला ठावं न्हवती."

"विचारलीसा?"

"न्हाय."

"मला तरी विचारायचं." आता त्याचा आवाज चढला. "दोन पेनल्टी अडवल्या मी त्या सामन्यात. शेऱ्यात लिवायला तुमाला त्यो शेरा सुचला न्हाय?"

  महिनाभर मी ज्या दीडशहाण्याला शोधत होतो तो माझ्याच खुर्चीत बसला होता. वाईट हेतूनं लिहिलं असतं तर निदान मी स्वतःला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. मी उपकार करायला गेलो होतो. पोराचं भलं होईल म्हणून, कुणी न सांगता, त्याच्या नावापुढं त्याची जात चिकटवली. आणि ज्या शब्दाच्या जोरावर याला सगळं आयतं मिळतं असं अर्धी पेठ म्हणत आली, त्याच शब्दानं त्याची कमावलेली जागा गिळली.

तिसऱ्या दिवशी आम्ही कोर्टासमोर क्रांती वकीलबाईंकडं गेलो. मी व्यवस्थापक म्हणून प्रतिज्ञापत्र द्यायचं, नोंद चुकीची आहे, खेळाडू सगळे सामने खेळला, असं. बाई हुशार होत्या. दहा मिनिटांत मजकूर तयार केला आणि वाचून दाखवला. "'सदर शेरा माझ्याकडून नजरचुकीने लिहिला गेला आहे.' हे ठरलेलं वाक्य आहे. याच्यावर कुणी पुढं प्रश्न विचारत नाही."

मला हायसं वाटलं. कबूल करतो, फार हायसं वाटलं. किती सोयीचा शब्द! नजर चुकली, पेन घसरलं, संपलं. कुणाचाच दोष नाही.

"ह्यो शब्द काढा," प्रसेन म्हणाला.

"कुठला?"

"नजरचुकीने. नजर चुकली न्हवती, मॅडम. नजर बरोबर गेलती. वीस नावांतनं एकच नाव काढलं तिनं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांनी त्याला समजावलं. जात पाहून लिहिलं असं म्हटलं तर कचेरीत भुवया उंचावतील. फाईल वर जाईल. वर गेलेली फाईल कधी खाली येईल सांगता येत नाही. तुमच्याकडं वेळ किती आहे? पाच महिने. एका शब्दासाठी नोकरी घालवणार काय?

मीही चिडलो. "नोकरी पायजे का न्हाय तुला?"

"पायजे. म्हणून तुमच्या सोयीचं खोटं माझ्या फायलीत घालू? चौदा वर्सं तुमी माज्या नावाफुडं न विचारता लिवलेलं वागवलं. आता तरी विचारून लिवा."

इतका चिडलेला तो मला मैदानावर कधी दिसला नव्हता. समोरचा अंगावर आला तरी तो शांतपणे चेंडू उचलायचा. त्या दिवशी त्यानं ती वाकडी अनामिका 'नजरचुकीने' या शब्दावर दाबून धरली. बाईंनी पेन माझ्याकडं सरकवलं.

मी स्वतःच्या हातानं लिहिलं. 'खेळाडू सर्व सामने पूर्ण वेळ खेळला. शेऱ्यातील राखीव हा शब्द मी त्याची जात लक्षात घेऊन, त्याला न विचारता, कोणीही सांगितलेले नसताना लिहिला. इतर कोणाच्याही नावापुढे मी असे लिहिले नाही.' चार ओळी. त्या लिहायला मला अर्धा तास लागला. इतकं वाईट अक्षर मी आयुष्यात काढलं नव्हतं.

पुरावा आणखी हवा म्हणून पेठ वडगावला विश्वजितकडं गेलो. त्याचा दुधाचा धंदा आहे, नोकरीशी त्याला देणंघेणं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आण्णा, खरा राखीव मी! पाच सामने बाकावर बसून शेंगा खाल्ल्या. तसंच लिवा, मी सही करतो." शेंगा वगळून लिहिलं. त्यानं लगेच सही केली आणि प्रसेनला म्हणाला, "तुज्यामुळं मला एक चेंडू अडवायला मिळाला न्हाय, त्याचा राग अजून हाय माजा." तेवढा एकदाच प्रसेन हसला.

क्रीडा खात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी माझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला. "हे असं कशाला लिहिलंत? साधं नजरचूक म्हणायचं."

"नजरचूक नव्हती."

"अहो, पण वाचायला कसं वाटतं?"

"वाटायलाच पाहिजे," मी म्हणालो. "आणि साहेब, यादीत वीसजण आहेत. एकच राखीव. मग बाकीचे एकोणीस एकदम मैदानात उतरले होते काय? हे तुमच्या कुणाच्या ध्यानात नाही आलं?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. फाईल बंद केली. कळवतो म्हणाले.

वयाची अट संपायला सात आठवडे असताना पत्र आलं. प्रमाणपत्र ग्राह्य. प्रसेनला नोकरी लागली. तालुक्याच्या क्रीडा संकुलात आता तो शिकवतो, पोरींनाही शिकवतो, चेंडू विटेसारखा झेलायला शिकवतो. सरुबाईनं बावड्यात पेढे वाटले. आनंद मलाही झाला, नाही असं नाही. पण पत्रातला दुसरा परिच्छेद वाचा. 'तत्कालीन व्यवस्थापक यांनी सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार सदर नोंद नजरचुकीने झाली असल्याचे स्पष्ट होते.'

मी असं लिहिलं नव्हतं! अर्धा तास घाम गाळून मी नेमकं उलटं लिहिलं होतं. खाली माझ्याच प्रतिज्ञापत्राचा संदर्भ, दिनांकासह. मी तडक कचेरीत गेलो. तिथला कारकून शांतपणे म्हणाला, "तुमचं काम झालं ना? मग आता काय?" साहेबांना भेटायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा ते दौऱ्यावर. तक्रार करतो म्हटलं तर प्रसेन म्हणाला, "नगं. आता रुजू झालोय." ते बरोबरच होतं. लढायचं ओझंही त्यानंच का वाहायचं?

तालमीत बातमी पोचली तेव्हा एकजण चहाचा घोट घेत म्हणाला, "लागली व्हय? लागणारच की. राखीव जागा हुती." मी त्याला सांगितलं, जागा खुली होती. राखीव या शब्दानं त्याला मिळवून काही दिलं नाही, होतं तेच तो शब्द घालवायला निघाला होता, आणि तो लिहिणारा मी होतो. त्यानं मान हलवली. त्याला त्यातलं काही पटलं नाही हे मला दिसलं. इतकी वर्षं मीही तसाच मान हलवत, हसत बसलो होतो, त्यामुळं त्याच्यावर ओरडायचा माझा हक्क किती हाही प्रश्नच आहे. तरी ओरडलो.

सरकारी कागदावर जे राहिलं नाही ते कुठंतरी राहावं म्हणून हे सगळं लिहिलं. परवा संकुलावर जाऊन प्रसेनला वाचून दाखवलं. पोरींचा सराव संपला होता, आम्ही गोलाच्या मागं कट्ट्यावर बसलो. तो मध्येच थांबवून म्हणाला, पडताळणीचं पत्र आणलं त्या दिवशी मी चौकात ओरडलो नव्हतो, घरातच ओरडलो होतो. मी म्हणालो, मला चौकच आठवतो. तो राहू दे म्हणाला. मग शेवटपर्यंत ऐकलं. चांगलं झालंय असं काही बोलला नाही. हातातले मोजे झटकले.

"खाली सही करा," म्हणाला. "आनि त्या वेळचा व्यवस्थापक, असंबी लिवा."

जोतीराम खाडे, त्या वेळचा व्यवस्थापक.